परदेशची वाट आणि घरचा सातबारा



ऊस नोंदीसाठी गट ऑफिसात येणारा सभासद पूर्वी लागणीची तारीख, तोडीचा नंबर आणि बिलाची उचल एवढेच विचारीत असे. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "पोरगं इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर झालंय, बाहेरदेशी जायचं म्हणतंय, कसं करावं?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "एजंट म्हणतोय पंधरा लाख भरा, सहा महिन्यांत ऑस्ट्रेलिया. भरावं का?" पहिल्याचे उत्तर लांब आहे. दुसऱ्याचे दोन शब्दांत देता येते : भरू नये. पण का भरू नये हे समजल्याशिवाय सभासदाचे समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पोरे परदेशी जातात म्हणून गळा काढणाऱ्यांतले आम्ही नव्हे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली आणि लोणी, वारणानगर, संगमनेर, कोपरगाव अशा साखरेच्या गावांत इंजिनिअरिंग कॉलेजे उभी राहिली. ती कोणासाठी? ज्याच्या बापाला पुण्या-मुंबईचा खर्च झेपत नव्हता त्या पोरासाठी. त्या पोराने शिकावे, पण शिकून झाल्यावर मात्र बांधावरच बसावे, असे म्हणणे बरोबर नाही. दोन एकराच्या चार वाटण्या झालेल्या घरात एक कर्ते पोर बाहेर पडले तर उरलेल्यांना श्वास घ्यायला जागा होते. प्रश्न जाण्याचा नाही. प्रश्न कोणत्या दाराने जायचे आणि त्या दाराची किल्ली कोणाच्या हातात असते, हा आहे.

आमचे म्हणणे असे की ती किल्ली एजंटाच्या हातात नसतेच. पदवी घेतल्यानंतरची पहिली चार-पाच वर्षे पोरगा इथे काय काम करतो आणि त्या कामाचे कागद कसे ठेवतो, यावर ती ठरते.

ऑस्ट्रेलियाचेच उदाहरण घेऊ, कारण तिथला हिशेब उघडा आहे. कोणाची ओळख लागत नाही, गुण मोजतात. वय पंचेचाळीसच्या आत हवे. पंचवीस ते बत्तीस या वयाला सर्वांत जास्त म्हणजे ३० गुण आहेत. इंजिनिअरिंगच्या पदवीला १५. आपल्याच धंद्यातला देशाबाहेरचा, म्हणजे इथलाच, पाच वर्षांचा अनुभव असेल तर १०. आयएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ७ मिळाले तर १०, आणि चारही भागांत ८ मिळाले तर २०. लग्न झालेले नसेल तर त्याचेही १० गुण! (इथे एक सांगून ठेवतो. पोरगा जायच्या आधी उरकून टाकू म्हणून लग्नाची घाई करणारे बरेच आहेत. सूनबाईला इंग्रजीची परीक्षा साधारण जमली तर १० चे ५ होतात, तीही जमली नाही तर शून्य. ती स्वतः मागणीच्या धंद्यातली असेल आणि तिचीही तपासणी झाली असेल तर मात्र पूर्ण १० राहतात. तेव्हा सून शिकलेली बघा, हे सांगायला आता ऑस्ट्रेलिया सरकारही आपल्या बाजूने आहे.)

म्हणजे अठ्ठावीस वर्षांचा, अविवाहित, पाच वर्षे अनुभवाचा, इंग्रजीत ७ मिळवणारा पोरगा ३० अधिक १५ अधिक १० अधिक १० अधिक १०, असा ७५ गुणांवर येतो. किमान ६५ लागतात. झाले की काम! असे वाटेल. नाही. नोंद झाली म्हणजे तोड आली असे आपल्याकडे तरी होते का? ६५ ही नुसती नोंद आहे. तोडचिठ्ठी ज्याचे गुण जास्त त्याला आधी निघते आणि ती किती निघणार हे सरकार दरवर्षी ठरवते. १८९ नंबरचा व्हिसा स्वतःच्या गुणांवर मिळतो आणि तो कायम वास्तव्याचा असतो. १९० नंबरच्या व्हिसाला तिथल्या एखाद्या राज्याने नाव सुचवावे लागते, त्याचे ५ गुण वाढतात. ४९१ ला १५ वाढतात, पण तो पाच वर्षांचा असतो आणि सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन ही मोठी शहरे सोडून राहावे लागते. तिथे तीन वर्षे राहून, कमावून, कर भरल्याचे दाखवले की कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. पर्थ आणि ॲडलेडसारखी मोठी गावेही या 'बाहेरच्या' मुलखात येतात, तेव्हा ४९१ म्हणजे रानात राहणे, असा समज करून घेऊ नये. आमच्या वरच्या पोराचे ७५ चे इथे ९० होतात.

आता खरी मेख ऐका. अनुभवाचे १० गुण 'आपल्याच धंद्यातल्या' अनुभवाला आहेत. आपली बहुसंख्य ई अँड टीसीची पोरे करतात काय? चार वर्षे सर्किट, मायक्रोकंट्रोलर, अँटेना शिकतात आणि कॅम्पसमधून थेट हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागतात. पगार बरा असतो, आईबाप खूश असतात, आमची काही तक्रार नाही. पण पाच वर्षांनी तोच पोरगा 'इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर' म्हणून अर्ज करायला गेला तर सॉफ्टवेअरची पाच वर्षे तिथे धरत नाहीत. सॉफ्टवेअरवाला म्हणून जावे तर तपासणी करणारी संस्था वेगळी, आणि पदवी कॉम्प्युटरची नसल्यामुळे ती संस्था अनुभवातली काही वर्षे वजा करते. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. एजंट हे सांगत नाही, कारण पोरगा कोणत्या नावाने गेला याच्याशी त्याला कर्तव्य नसते. उलट भोसरी, चाकण, सातपूर, शिरोळीच्या एखाद्या कारखान्यात कमी पगारावर पॅनेल डिझाईन करणारा, पीएलसी बसवणारा, सर्किटच्या पाट्या तपासणारा पोरगा या मोजणीत पुढे निघतो. वीस हजारांची नोकरी चाळीस हजारांच्या नोकरीपेक्षा वरचढ ठरते, हे आईबापांना पटायला अवघड जाते. पण परदेशी जायचेच ठरले असेल तर ते आजच ठरवावे आणि नोकरी त्या बेताने धरावी.

दुसरी मेख कॉलेजची आहे, आणि ही आपल्या दारातली आहे. इंजिनिअरची पदवी तपासण्याचे काम तिकडे 'इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया' ही संस्था करते. जगातल्या अनेक देशांनी एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मान्य करण्यासाठी वॉशिंग्टन करार केला आहे. भारत त्याचा पूर्ण सभासद झाला तो जून २०१४ मध्ये, एनबीए या आपल्या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाच्या मार्फत. मग आता सगळ्या पदव्या चालतील? चालत नाहीत. एनबीएचे दोन थर आहेत. विद्यापीठे आणि स्वायत्त कॉलेजे पहिल्या थरात जातात, विद्यापीठाला संलग्न असलेली बाकीची दुसऱ्या थरात. करारात फक्त पहिला थर धरतात, आणि तोही शाखेवार. म्हणजे एकाच कॉलेजची मेकॅनिकलची पदवी बसेल आणि इलेक्ट्रॉनिक्सची बसणार नाही, असेही होते. आपल्या पट्ट्यातली कितीतरी कॉलेजे 'एनबीए मान्यताप्राप्त' असे फलकावर मोठ्या अक्षरांत लिहितात. थर कोणता ते लिहीत नाहीत.

दुसऱ्या थरातल्या पोराचे दार बंद होते असे नाही. त्याला एक लांबलचक अहवाल लिहावा लागतो, सीडीआर म्हणतात त्याला. त्यात स्वतः केलेल्या कामाची तीन प्रकरणे सविस्तर मांडायची असतात. अडचण कोणती होती, आपण काय हिशेब केला, कोणता भाग निवडला आणि का. 'आम्ही केले' असे लिहिलेले चालत नाही, 'मी केले' लागते. हा अहवाल तयार करून विकणारे पुण्यात आणि इंटरनेटवर पोत्याने आहेत. त्यांच्याकडून घेऊ नका. नक्कल सापडली की अर्ज फेटाळतात, काही काळ पुन्हा अर्ज करू देत नाहीत आणि व्हिसा खात्याला कळवतात. एका विकतच्या अहवालाने पोराच्या नावावर जो डाग पडतो तो पुसत नाही.

कागदांचे सांगतो. एमआयडीसीतले लहान मालक पगार रोखीत देतात आणि अनुभवाचा दाखला मागितला की दोन ओळी खरडून देतात. तेवढ्याने भागत नाही. दाखला लेटरहेडवर हवा, हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास आणि मुख्य म्हणजे नेमके काम काय, हे त्यात हवे. त्याला जोड म्हणून बँकेत जमा झालेला पगार, पीएफचे पासबुक, फॉर्म १६. नोकरी सोडतानाच हे घेऊन ठेवावे. चार वर्षांनी मालक भेटतो का, कारखाना तरी जागेवर असतो का? तीच गोष्ट नावाची. दहावीच्या बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर बापाचे नाव कधी आहे कधी नाही. इथे कोणाचे काही अडत नाही, तिकडे अडते.

कॅनडाचा प्रकारही गुणांचाच आहे. तिथे जानेवारी २०१५ पासून एक्सप्रेस एंट्री नावाची रांग आहे. आधी १०० पैकी ६७ गुणांची चाळणी, मग १२०० गुणांच्या वेगळ्या मापावर स्पर्धा. काही धंद्यांसाठी स्वतंत्र फेऱ्या काढतात. २०२५ साली त्या याद्या बदलल्या तेव्हा सॉफ्टवेअरवाले गळाले, पण इलेक्ट्रिकल व इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर राहिले. अर्थात यादीत नाव असणे निराळे आणि फेरी निघणे निराळे. एक बदल मात्र प्रत्येक बापाने पाठ करावा. पूर्वी तिथल्या मालकाने नोकरी देऊ केली असेल तर जादा गुण मिळत. त्यामुळे अशी पत्रे विकण्याचाच धंदा सुरू झाला. म्हणून २५ मार्च २०२५ पासून कॅनडाने ते गुणच काढून टाकले. आणि तरीही 'कॅनडाची जॉब ऑफर आणून देतो, गुण वाढतील' असे कोणी सांगत असेल, तर तो एक तर अडाणी आहे किंवा लबाड. दोघांनाही पैसे देण्याचे कारण नाही. शिवाय तिथे प्रांताच्या संस्थेचे लायसन घेतल्याखेरीज स्वतःला 'इंजिनिअर' म्हणवता येत नाही, वास्तव्याचा परवाना मिळाला तरी. पहिली काही वर्षे टेक्निशियनच्या हुद्द्यावर काढावी लागतील, हे पोराने मनाशी धरून जावे.

जर्मनीचे दार आम्हाला त्यातल्या त्यात बरे वाटते, आणि ते का हेही सांगतो. तिथे इलेक्ट्रॉनिक्सचे खरे काम आहे. ड्रेस्डेन शहराभोवती चिप बनवणारे कारखाने कित्येक वर्षांपासून आहेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तैवानच्या टीएसएमसीने तिथे भागीदारीत नव्या कारखान्याची पायाभरणी केली. पदवी त्यांच्या यादीत मान्य असली आणि ठराविक पगाराची नोकरी हातात असली की ब्लू कार्ड मिळते. इंजिनिअरांसाठी ती पगाराची अट कमी ठेवली आहे. २०२५ साली ती वर्षाला सुमारे ४३,८०० युरो होती. ब्लू कार्डवर २७ महिने काढले की कायम वास्तव्य मागता येते, आणि जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत आली असेल तर २१ महिन्यांत. नोकरी हातात नसेल तर १ जून २०२४ पासून 'संधी कार्ड' निघाले आहे. सहा गुण जुळले की वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला वीस तास काम करता येते. पण राहण्याचा खर्च आधी बंद खात्यात दाखवावा लागतो, २०२५ साली महिन्याला १,०९१ युरो. आणि भाषा! इंग्रजीवर नोकरी मिळते असे सांगणारे मिळतात खरे, पण फॅक्टरीच्या मजल्यावर जर्मनच बोलतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तो वाचून काही सभासदांनी आमच्याकडे चौकशी केली. तो मुख्यतः नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा कुशल कामगारांसाठी होता, इंजिनिअरांसाठी नव्हे.

अमेरिकेबद्दल थोडक्यातच. एच-वन-बी व्हिसा वर्षाला ६५,००० आणि तिथे मास्टर्स केलेल्यांना आणखी २०,०००. अर्ज त्याच्या कितीतरी पट, म्हणून सोडत. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तिथल्या अध्यक्षांनी बाहेरून आणलेल्या नव्या माणसामागे एक लाख डॉलर भरण्याचा हुकूम काढला. आणि ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग पोराच्या पोरापर्यंत पुरेल इतकी लांब आहे. ज्याला कर्ज न काढता जमेल त्याने नशीब आजमावावे.

आता पैशाकडे वळू. शिक्षणाच्या दाराने, म्हणजे आधी एमएस आणि मग नोकरी असे जायचे तर फी आणि राहणे मिळून चाळीस लाख सहज जातात. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये होती. चाळीस लाख म्हणजे अकराशे सव्वीस टन ऊस. एकरी चाळीस टनांनी अठ्ठावीस एकरांचे पीक, आणि त्यातून तोडणी-वाहतूक, खत, पाणी काहीही वजा न करता! दोन एकरवाल्याची चौदा वर्षे. उलट गुणांच्या दाराने १८९ चा अर्ज करायला सरकारी फी जुलै २०२५ पासून ४,९१० ऑस्ट्रेलियन डॉलर होती, म्हणजे पावणेतीन-तीन लाख रुपये, साधारण ऐंशी टन. पदवी तपासणी, परीक्षा, वैद्यकीय आणि तिकीट धरून त्यात भर पडेल. पण पोराने पाच वर्षे नोकरी केली असेल तर हे पैसे त्याने स्वतः उभे केलेले असतात.

आणि बँक जमिनीवर कर्ज देईल या भरवशावर कोणी राहू नये. थकीत कर्जाच्या वसुलीचा जो २००२ चा सरफेसी कायदा आहे तो शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून शिक्षणकर्जाला बँका बहुतेक सातबारा घेत नाहीत. बिगरशेती प्लॉट, फ्लॅट नाही तर ठेव मागतात. मग माणूस पतसंस्थेकडे वळतो, तिथून सावकाराकडे, आणि शेवटी एक-दोन गुंठे विकून मोकळा होतो. पोरगा हुशार असेल आणि जगातल्या वरच्या विद्यापीठात प्रवेश मिळत असेल तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा सारथीची शिष्यवृत्ती, ज्याच्या समाजाला जी लागू असेल ती, आधी बघावी. कर्ज त्यानंतर.

एजंट लागतोच का? गुणांच्या दाराला लागत नाही. सगळे अर्ज उमेदवाराला स्वतः भरता येतात. तरीही सल्ला हवा असेल तर ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा या दोन्ही देशांनी सल्लागारांच्या नोंदवह्या ठेवल्या आहेत, त्यांत नाव शोधावे. परदेशातली नोकरी लावून देणारा भरती एजंट असेल तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली त्याची नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरचा कर यापेक्षा जास्त घेता येत नाही. पंधरा लाख मागणाऱ्याला एवढाच प्रश्न विचारावा, "नोंदणी नंबर काय तुमचा?" पुढचे बोलणे आपोआप आटोपते.

घरच्यांनीही दोन गोष्टी समजून घ्याव्यात. आईबापांना मागाहून नेतो, असे पोरे मनापासून सांगतात. पण ऑस्ट्रेलियाच्या साध्या पालक व्हिसाची रांग तीस वर्षांहून लांब आहे, आणि पैसे भरून जाणाऱ्यांच्या रांगेलाही दहा वर्षांच्या वर लागतात. भेटीला जाता येईल, कायमचे जाणे धरून चालू नये. दुसरे जमिनीचे. परदेशस्थ झालेल्या पोराला वारसाने येणारी शेतजमीन ठेवता येते, पण नवी शेतजमीन खरेदी करता येत नाही. तिकडून पैसे पाठवीन आणि शेजारचा डाग घेऊ, हा बेत पोराच्या नावावर होणार नाही.

शेवटी आपल्या कारखान्याविषयी. को-जनरेशनचे बॉयलर आता संगणकावर चालतात. वजनकाटा इलेक्ट्रॉनिक, गिरण्यांचे ड्राईव्ह इलेक्ट्रॉनिक, मिल हाऊसपासून पॅनपर्यंत सेन्सर आणि पीएलसी. दुरुस्तीला मात्र आपण पुण्याहून माणूस बोलावतो, आणि सभासदाचा पोरगा ई अँड टीसी होऊन घरी अर्ज भरत बसतो. १९६१ च्या अप्रेंटिसशिप कायद्याखाली पदवीधर शिकाऊ म्हणून वर्षभर घेता येते आणि किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार देते. आमची संचालक मंडळाला सूचना आहे की दर हंगामाला सभासदांच्या इलेक्ट्रॉनिक्स व इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलामुलींतून गुणक्रमाने शिकाऊ घ्यावेत (मुलामुलींतून म्हणतो, कारण गट ऑफिसात प्रश्न फक्त पोरांचेच येतात आणि निकालात पोरी वर असतात). त्यांना चहा-फाईलच्या कामाला न लावता ऑफ सीझनच्या ओव्हरहॉलिंगमध्ये खरे काम द्यावे आणि वर्षाअखेर काम नेमके काय केले ते लिहून दाखला द्यावा. त्या वर्षाचे अनुभवाचे गुण मिळोत न मिळोत, सीडीआरमध्ये लिहायला एक खरे प्रकरण हाती येईल. जो इथेच राहील तो आपले कंट्रोल पॅनेल सांभाळील.

कॉलेजांशीही बोलावे लागेल. आपल्या पट्ट्यातल्या ज्या ज्या कॉलेजच्या विश्वस्तांत सभासद बसतात, त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स शाखेची एनबीए मान्यता कोणत्या थराची आहे, स्वायत्तता कधी घेणार आणि पहिल्या थराचा अर्ज कधी करणार, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. उत्तरे आली की याच अंकात छापू. शिकाऊ उमेदवारीचा विषय येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर यावा असे ज्यांना वाटते, त्या सभासदांनी आपली सूचना सहीनिशी, शेअर नंबर घालून, गट ऑफिसात द्यावी. तोंडी सूचना धरल्या जात नाहीत.